दुकान रात्रभर उघडं आहे

साल्तो गावात जुलैच्या थंडीत
आठवड्यातून दोन रात्री आमचं एकच औषधांचं दुकान उघडं असतं.
जाळीतून गोळ्या द्यायच्या, सुटे पैसे घ्यायचे.
बाकी वेळ मी, बगलेत थर्मास,
माते नावाचा कडू पाला
आणि वॉशिंग्टन एत्चेवेरीच्या टपरीवरची
दोन द्या, एक न्या भावातली पुस्तकं.

या महिन्यात सात खून झाले.
त्यातले चार आर्सेनिकने.
आपण बोलू नये, पण तेवीस वर्षं मी हेच मोजतेय :
त्या कर्नलला कॉफीतून जेवढं पाजलं
तेवढ्यात त्याचा घोडा शिंकलासुद्धा नसता.
तरी बिचारा तीन ओळींत गेला,
गालिच्यावर डाग न पाडता.
मग गुप्तहेर येतो, कप हुंगतो,
म्हणतो, "अहाहा, कडू बदाम!"
"अरे गाढवा, ते सायनाइड!" मी ओरडले.
खोकल्याचं औषध न्यायला आलेला पोरगा
जाळीपलीकडे दोन पावलं मागे सरला.

प्रेमकथा एकच वाचली.
नायकाचे डोळे पान सतरापर्यंत निळे,
पुढे हिरवे (साथ असावी).
दोघं तासन्‌तास पावसात भिजतात
आणि सर्दी कुणालाच नाही!
सगळं जग असं वागलं
तर आम्ही खायचं काय?
पण शेवटी तो होडीतून परत आला
तेव्हा विक्रीचा कापूस फोडावा लागला मला.
खोटं कशाला बोलू.

अवकाशयानात आठशे माणसं,
तीनशे वर्षांचा प्रवास, दोन बंडं, एक बोलका दरवाजा,
आणि डोकेदुखीची गोळी कुणाकडेच नाही.
म्हणूनच बंडं होत असणार.

भुताच्या कादंबरीची शेवटची पानं गळालेली.
ते भूत अजून जिन्यात उभं आहे,
वर जाता येईना, खाली येता येईना.
पहाटे तीनला शटर कुरकुरलं की
त्याचीच आठवण येते, भीती नाही,
नुसती कीव.

पण खरं रहस्य समासात होतं.
प्रत्येक खुनाच्या पुस्तकात, तिसाव्या पानाच्या आसपास
पेन्सिलीची एक बारीक वळवळ.
"मुंगी शाईत पडून चालत गेली असेल," वॉशिंग्टन म्हणाला, "पुसून देऊ?"
मी चष्मा लावला.
हे अक्षर मी ओळखत नाही तर कोण!
"दिवसातून दोनदा, जेवणानंतर"
अशाच अक्षरात लिहिलेलं असतं.
इथे लिहिलं होतं : "माळी."
पुढच्यात : "धाकटी मेहुणी."
त्याच्या पुढच्यात, अधोरेखित : "वकीलच. उघड आहे."

डॉक्टर इंदालेसियो बार्रेनेचे!
अख्ख्या गावाला ज्याचं अक्षर लागत नाही
म्हणून निर्धास्त, दरोडेखोरासारखा.
विसरला, की गावात एक बाई आहे
जिचं पोटच ते वाचण्यावर चालतं.
आणि पुढची गंमत ऐका.
सातांपैकी तीनदा चुकलाय.
माळी तर दुसऱ्याच प्रकरणात मेला होता!
(मला नवल नाही. माझ्या भावाच्या मुतखड्याला
हाच महिनाभर गॅस म्हणत होता.)

मंगळवारी रात्री स्वारी स्वतः आली.
जळजळ. गोळ्या हव्यात.
काखेत जाड पुस्तक, इस्पितळातल्या मृत्यूंचं,
खूण एक-तृतीयांशावर, कानामागे पेन्सिल.
ते मी मागच्याच आठवड्यात परत केलेलं.
मी काही बोलले नाही.
पाकिटावर सूचना लिहायची जागा असते ना,
तिथे माझ्या शाळेत बक्षीस मिळवलेल्या अक्षरात,
एकेक वेलांटी घोटून, लिहिलं :

"नर्स. जेवणाआधी."

तो दिव्याखाली जाऊन पाकीट वाचत राहिला.
नदीपलीकडे अर्जेंटिनातले दिवे लुकलुकत होते.
मग त्याने मागे वळून पाहिलं,
आणि जिन्यातल्या भुतासारखा
वरही जाईना, खालीही येईना.